धनुष्य घेऊन डोंगरात जायचंय: तयारी जिममध्ये की जिन्यावर?

कोपरीकर
सप्टेंबरात अमेरिकेतल्या नातेवाइकांबरोबर कोलोरॅडोला धनुष्याने एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जायचं ठरतं, परवान्याचं आणि हंटर एज्युकेशनच्या कार्डाचं मार्गी लागतं, आणि मग हमखास एकच प्रश्न येतो: कुठली जिम लावू? माझं उत्तर: कुठलीच नको. ठाण्यात राहणाऱ्याला सगळ्यात उपयोगी साधन दाराबाहेरच आहे. इमारतीचा जिना.

आधी काम काय आहे ते बघा. उंची ९ ते ११ हजार फूट, पाठीवर १८-२० किलोची सॅक, दिवसाला सहाशे ते नऊशे मीटर चढ, आणि हे पाच-सहा दिवस सलग. छाती किती किलो ढकलते याचा इथे काडीचा संबंध नाही.

घोडबंदर रोडला तीस मजली टॉवर हवे तेवढे आहेत. मजला तीन मीटरचा धरला तर गच्चीपर्यंत ९० मीटर, म्हणजे सात फेऱ्यांत ६३० मीटर चढ होतो. मार्चमध्ये पाच किलोची सॅक आणि तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. पुढे दर आठवड्याला एक तर दीड-दोन किलो वाढवा, नाही तर एक फेरी. दोन्ही एकदम वाढवलं की तिसऱ्या आठवड्यात पोटरी किंवा टाच धरलीच म्हणून समजा. वेग एवढाच ठेवा की चढताना पूर्ण वाक्य बोलता यावं. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला.

वजनासाठी तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन पाण्याने भरून घ्या. एक कॅन म्हणजे पाच किलो, मोजायला सोपं. वर पोचलात की पाणी गच्चीवरच्या कुंड्यांना घाला आणि रिकाम्या सॅकने लिफ्टने खाली या. गुडघे वाचतात. ऑगस्टअखेर २० किलो घेऊन सात फेऱ्या दोन तासांत होत असतील तर तुम्ही तयार आहात.

नौपाड्याची
कोपरीकर, बाकी सगळं मान्य, पण लिफ्टने खाली येण्याचा सल्ला साफ चुकीचा आहे. आणि गुडघे वाचवायचे म्हणूनच चुकीचा आहे.

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना तोच स्नायू लांबत जाऊन वजन झेलतो. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. सहा महिने फक्त वर चढलेला माणूस पहिल्या दिवशी मस्त चढेल, दुसऱ्या दिवशी तंबूतून बाहेर पडताना हात टेकेल. उतरायची सवय उतरूनच होते. चांगली गोष्ट ही की थोडं उतरलं तरी शरीर लवकर शिकतं. पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने तेवढं दुखत नाही.

एकदा जिन्यात थांबून उतरणाऱ्याचा गुडघा समोरून बघा. वरच्या पायरीवरचा पाय वाकतोय, खालचा अजून टेकलेला नाही. त्या अर्ध्या सेकंदात वरचा गुडघा आत, अंगठ्याच्या बाजूला ढळत असेल तर दोष गुडघ्याचा नसतो. खुब्याचा बाजूचा स्नायू कमी पडत असतो. अशा पायावर २० किलो टाकून हजारो पायऱ्या करून घेणं म्हणजे चुकीची हालचाल पक्की करणं.

म्हणून जिम हवी. किंवा घरी एक मजबूत पाट आणि दोन डंबेल तरी हवेत. आठवड्यातून दोन दिवस, चाळीस मिनिटं:
– वीस सेंटिमीटरच्या पायरीवरून तीन सेकंद मोजत एका पायाने उतरणं, आठ-आठचे तीन सेट
– मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाचं स्क्वॉट
– डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहणं), पाच-सहाचे तीन सेट, पाठ सरळ राहील तेवढंच वजन
– दोन्ही हातांत वजन घेऊन ताठ चालणं
पहिले आठ आठवडे हे, मग सॅक. पाया न घालता मजले चढवू नका.

खारघरचा तिरंदाज
दोघंही पायांत अडकलात. जायचंय धनुष्य घेऊन, आणि खांद्याबद्दल अजून एक ओळ नाही.

सगळ्यात मोठी चूक पाउंडेजची, म्हणजे धनुष्य ओढायला लागणाऱ्या जोराची होते. ७० पाउंडांचं कंपाउंड (चाकांचं धनुष्य) घेतलं की मर्दुमकी वाटते. कोलोरॅडोच्या नियमात एल्कसाठी किमान ३५ पाउंड आहे. चांगल्या धारेचं पातं आणि योग्य वजनाचा बाण असेल तर ५५-६० पुष्कळ. ६० पाउंडाला ८० टक्के लेट-ऑफ (शेवटी चाकांमुळे कमी होणारा भार) धरला तर पूर्ण ताणल्यावर हातात १२ पाउंड राहतात. पण त्या १२ पर्यंत पोचायला आधी ६० पार करावे लागतात, तेही पहाटे गोठलेल्या हातांनी, गुडघ्यावर बसून, हालचाल दिसणार नाही अशा बेताने.

त्याची परीक्षा सोपी आहे. स्टुलावर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, बाण लावा, धनुष्य निशाण्याच्या रेषेत ठेवून सरळ मागे ओढा. धनुष्य आकाशाकडे वर करावं लागलं तर पाउंडेज तुमच्यासाठी जास्त आहे. मग तीस सेकंद धरा आणि बाण न सोडता सावकाश परत आणा. जनावर झाडामागे थांबलं की हेच करावं लागतं. परत आणताना झटका बसला तर लिंबचे (धनुष्याच्या वरच्या-खालच्या पात्यांचे) बोल्ट दोन्हीकडे सारखे सैल करा, कंपनीने दिलेल्या मर्यादेतच, आणि दर दोन आठवड्यांनी दोन पाउंड वाढवा. बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही. धनुष्य तुटतं, डोळाही जातो.

आणि कोपरीकर, सात फेऱ्या मारून लगेच बाण चालवायला सांगणारे बरेच असतात. तुम्ही तसं म्हटलेलं नाही, तरी आधीच सांगून ठेवतो: करू नका. सॅकच्या पट्ट्यांनी मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू थकलेला असतो. मग खांदा कानाकडे चढतो आणि ती सवय लागते. बाण सकाळी, ताज्या अंगाने. जिना संध्याकाळी.

कोपरीकर
तसं म्हटलं नव्हतं, पण आता म्हणतो. धाप लागलेली असताना बाण मारण्याचा सराव हवाच. जनावर तुमचा श्वास बसायची वाट बघत नाही.

खारघरचा तिरंदाज
तिथे छाती धडधडते ती जनावर तीस मीटरवर उभं आहे म्हणून. त्या वेळी पाय बहुधा थकलेले नसतात, माणूस बराच वेळ झुडपाआड बसून असतो. दोन्ही वेळी नाडी १५० असेल, पण एकीत हात थरथरतो आणि दुसरीत पाय. तरीही करायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, सॅक उतरवून, पाच मीटरवर मोठ्या गादीसमोर, फक्त पाच बाण. निशाणा लावायचा नाही, श्वास अर्धा सोडून थांबणं तेवढं शिकायचं.

उतारावरचा नेमही जिना शिकवत नाही. ३० अंशांच्या उतारावर ४० मीटर दिसलं तर बाणाच्या दृष्टीने ते साधारण ३५ मीटर असतं. खाली वाकायचं ते कमरेतून. धनुष्याचा हात नुसता खाली केला तर छाती आणि हाताचा काटकोन मोडतो.

वाशी सेक्टर १७
मला या सगळ्या चर्चेचाच त्रास होतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे ती काही उगाच नाही. आपल्याकडे जे गुन्हा आहे ते करायला विमानाने जायचं आणि त्यासाठी घाम गाळायचा? एवढी ताकद आली तर रतनगडावर कचरा गोळा करायला या.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या कामाची. सरावाला धनुष्य घेऊन येऊरला जाऊ नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि कायद्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ या शब्दात धनुष्य-बाण नावानिशी आहेत. लेखी परवानगीशिवाय ते आत नेणं हाच गुन्हा. “फक्त टार्गेटसाठी” हे उत्तर तिथे चालत नाही.

कळव्याचा डोंगरयार
येऊरची सूचना लाख मोलाची, धन्यवाद. बाकी तुमच्याशी सहमत नाही. कोलोरॅडोत किती परवाने द्यायचे हे कळपांची मोजणी करून ठरतं, आणि अमेरिकेच्या १९३७ च्या कायद्याने शिकारीच्या साहित्यावरचा कर वन्यजीवांसाठीच राखून ठेवलाय. पटत नसेल तर हरकत नाही.

मुद्दा उंचीचा. कोपरीकर “तुम्ही तयार आहात” म्हणाले तिथे मला थांबवावंसं वाटतं. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. कोलोरॅडोची राजधानी डेन्व्हर १,६०९. महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्यावर उभे राहिलात तर डेन्व्हरच्या रस्त्यापेक्षा ३७ मीटर वर असता, बस. शिकारीचा तळ त्याच्याही हजार-दीड हजार मीटर वर. तीन हजार मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो आणि दम साधारण पंधरा टक्क्यांनी घटतो. ठाण्यातला कुठलाही जिना, कुठलंही मास्क ही तयारी करून देत नाही. मास्कने फक्त श्वास ओढायला जड जातो, ऑक्सिजन तेवढाच मिळतो.

याला उपाय एकच, दिवस. डेन्व्हरला दोन रात्री, अडीच हजार मीटरच्या आसपास एक-दोन, मग तळ. तीन हजारांच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली की आणखी वर चढायचं नाही, वाढली तर उतरायचं. उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची तर इथूनच डॉक्टरांना विचारून. त्यात मुंबईहून साडेअकरा तासांचा फरक, पहिले तीन दिवस झोप धड नसते. सुट्टी दहा दिवसांची असेल तर सहा महिन्यांचा जिना पहिल्या चार दिवसांत वाया जाऊ शकतो. सुट्टी चौदा दिवसांची काढा.

जिन्याच्या जोडीला महिन्यातून दोनदा खरा डोंगरही हवा. माहुली ८५८ मीटर, आसनगावहून जवळ. जिन्यात प्रत्येक पायरी सारखी असते, घोटा काहीच शिकत नाही.

कोपरीकर
जून ते सप्टेंबर माहुली? शेवाळलेल्या कातळावर २० किलो घेऊन? नेमके शेवटचे बारा आठवडे आपल्याकडे पावसाचे आहेत, म्हणून तर मी जिना म्हणतो. खारघरच्या पांडवकडा धबधब्याला दर पावसाळ्यात बंदी असते ती लोक वाहून गेल्यामुळेच.

कळव्याचा डोंगरयार
बरोबर. माहुली मार्च ते मे, पहाटे पाचला पायथा सोडून, माणशी चार लिटर पाणी घेऊन. पावसाळ्यात धबधब्याच्या वाटा वर्ज्य. डांबरी घाटरस्ता चालेल, सॅक हलकी करून. भिजलेले बूट हीसुद्धा तयारीच आहे, कारण तिथे सप्टेंबरात बर्फही पडतो. टाचेला फोड कुठे येतो ते इथेच कळलं पाहिजे. गरम लागायला लागलं की त्याच क्षणी थांबून चिकटपट्टी लावायची, फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

नेरूळ पूर्व
शिकार साधल्यानंतरचं कुणीच बोललं नाही. खरं काम तिथे सुरू होतं.

मोठ्या नर एल्कचं हाडं काढलेलं मांस ७५ ते १०० किलो भरतं. चारही पाय आणि पाठीचं मांस बाहेर आणणं कोलोरॅडोत कायद्याने बंधनकारक आहे. एकटा माणूस ३० किलोची खेप धरेल तर तीन-चार खेपा. गाडी चार किलोमीटरवर असेल तर चार भरलेल्या फेऱ्या आणि तीन रिकाम्या, म्हणजे २८ किलोमीटर. दोघं असाल तर प्रत्येकी १२. हा हिशोब बाण सोडायच्या आधी करायचा. सप्टेंबरात दुपारी ऊन असतं आणि मागच्या मांडीच्या हाडालगतचं मांस सगळ्यात आधी बिघडतं. हाड काढून, हवा खेळेल अशा कापडी पिशवीत, सावलीत टांगून मगच पहिली खेप. जनावर मारून मांस सडवणं याला माफी नाही.

म्हणून कोपरीकरांची २० किलोची परीक्षा मला अपुरी वाटते. जुलै-ऑगस्टमध्ये तीन-चार वेळा तरी ३० किलो हवेत, सपाटीवर, सावकाश, पाच किलोमीटर. पामबीच रोडचा फुटपाथ पहाटे चालतो. हिप बेल्ट खुब्याच्या हाडाच्या वर घट्ट, जड वस्तू पाठीला चिकटून खांद्यांच्या मध्ये, खांद्याचे पट्टे फक्त तोल सांभाळायला. हाताला मुंग्या आल्या तर वजन खांद्यावर आलंय. थांबून बेल्ट परत बांधा, तसंच रेटू नका. काखेजवळची नस दबली तर हात कित्येक दिवस लुळा राहतो, आणि मग धनुष्य कोण ओढणार?

नौपाड्याची
३० किलो सगळ्यांना नाही. साठ किलोच्या माणसाला ते अंगाच्या निम्मं होतं. त्याने २० वर थांबावं, तिथे खेपा वाढवाव्यात आणि सोबत दोघं न्यावेत.

कोपरीकर
बरं, माझ्या यादीत दुरुस्ती करतो. उतरायचं लिफ्टने नाही: पहिला महिना रिकाम्या सॅकने, मग अर्ध्या वजनाने, जुलैत पूर्ण. पायरीवरचा एका पायाचा व्यायाम पहिल्या दिवसापासून. ३० किलोची सपाट चाल चार वेळा, ज्याला झेपेल त्याला. पण आठ आठवडे आधी नुसती जिम, हे अजूनही पटत नाही. सहा महिन्यांतले दोन त्यात गेले तर पायांना मैल कधी मिळणार? दोन्ही बरोबर चालू द्या.

नौपाड्याची
बरोबर चालू द्या, पण गुडघा आत ढळतोय की नाही ते आधी कुणाला तरी समोर उभं करून तपासा. ढळत असेल तर सॅक रिकामीच.

खारघरचा तिरंदाज
आणि निघायच्या आधीचे दहा दिवस जड सॅक बंद. फेऱ्या निम्म्या, रोज वीस बाण, त्याहून जास्त नाही.