२८० अक्षरांत सडा मावतो का?

जांभाचिरा: रत्नागिरीतल्या एका भूगोलाच्या प्राध्यापकांची पोस्ट दोन दिवस फिरते आहे. म्हणणं असं: ट्विटर (आताचं एक्स) म्हणजे रिकामटेकडेपणा असं वाटत होतं, पण सड्यावरची, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरची, रोज एक नोंद टाकायला लागल्यापासून रोपाची ओळख संध्याकाळपर्यंत मिळते, परगावचे अभ्यासक जोडले जातात, प्रत्येक प्राध्यापकाने हे करावं. सोबत कातळशिल्पाचा, म्हणजे कातळावर कोरलेल्या जुन्या चित्राचा, फोटो, मागे मोबाइल टॉवर, खाली वाडीचं नाव! कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, तरी कितीतरी ठिकाणी साधा गडगाही (दगडी कुंपण) नाही आणि चिरेखाण (जांभा दगडाची खाण) सरकत कडेपर्यंत येते. अशा जागेचा पत्ता वाटायचा? शिवाय नोंद म्हणजे तारीख, वेळ, दिशा, खाचेची रुंदी-खोली, आजूबाजूचा कातळ. ते ट्विटरच्या मोफत खात्याच्या २८० अक्षरांत बसत नाही, म्हणून तो अभ्यास नाही.

खाडीकाठ: पत्त्याचं शंभर टक्के मान्य. बाकीचं नाही. नोंद वहीतच करायची, पोस्ट वहीतून उचलायची. फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर घ्या. तिरप्या उन्हात खाचेत सावली पडते, भर दुपारी तेच चित्र सपाट दिसतं. मोजपट्टी खाचेला लागून ठेवा, नसेल तर दहाचं नाणं, व्यास २७ मिलिमीटर. खाचेत खडू भरू नका. जागा सांगताना तालुका पुरे. अक्षांश-रेखांश द्यायचेच तर दोन दशांश स्थळं, म्हणजे किलोमीटरभर मोघम. चार दिलीत तर माणूस दहा-अकरा मीटरवर येऊन उभा राहतो. ट्विटर फोटोतली जीपीएसची माहिती काढून टाकतं, पण तोच मूळ फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पुढे ढकलला की ती तशीच जाते. पत्ता फुटतो तो तिथून.

दिपकाडी: वनस्पतीवाल्यांना याची गरज जास्त आहे. दिपकाडी हे सड्यावरचं कंदाचं फुलझाड पावसाच्या सुरुवातीला फुलतं. तेव्हाची ओळख हुकली तर पुढच्या जूनपर्यंत थांबा. त्याच दिवशी जाणकाराने 'पानाचा फोटोही घ्या' असं सांगितलं तर परत सड्यावर जाता येतं. मात्र नुसतं फूल वरून टिपून 'ही कोणती?' विचारणं बंद करा. पूर्ण रोप, पान, फूल बाजूने, आणि ते उगवलंय कुठे, भेगेत की पाणी साचतं तिथे, हे चार फोटो हवेत. कंद उकरू नका. मिळालेलं उत्तर हे मत समजा. पुरावा हर्बेरियममधला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला, नमुनाच.

जांभाचिरा: तेच म्हणतोय. मग लोक पोस्टमध्ये नवी जात जाहीर करतात त्याचं काय?

दिपकाडी: ते नाव वैध नसतंच. वनस्पतिनामांच्या नियमांनुसार १ जानेवारी २०१२ पासून ऑनलाइन प्रकाशन चालतं, पण आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) असलेल्या प्रकाशनात, पीडीएफ रूपात. चूक करणाऱ्याला बोला, साधनाला कशाला?

टंकदोष: सगळे २८० अक्षरं म्हणताय, ती अक्षरं नाहीतच! ट्विटर काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण वेगवेगळी मोजतं. 'कातळशिल्प' बोलताना पाच अक्षरं, तिथे नऊ. 'रत्नागिरी' चार, तिथेही नऊ. २०१७ मध्ये १४० चे २८० झाले तरी मराठीला तोकडेच. ट्विटरसारख्याच ब्लूस्कायवर मर्यादा ३००, पण काना-वेलांटी मूळ अक्षरातच धरतात. तशाच मॅस्टोडॉनवर सहसा ५००. दुवा ट्विटरवर कितीही लांब असो, २३ च धरला जातो.

खाडीकाठ: मग इंग्रजीत लिहा. रोप ओळखणारा कोलकात्यात बसलेला असतो.

टंकदोष: आणि गवत कापताना शिल्प पहिल्यांदा कुणाला दिसतं? वाडीतल्या माणसाला. जागा चिऱ्यासाठी द्यायची की नाही हे ठरवणाराही तोच. त्याला न कळणाऱ्या भाषेत जतनाची हाक घालून उपयोग काय? उलट मराठी नीट टाइप करा. 'किनाऱ्यावर' मधला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी उमटतो: एक 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह वापरून, दुसरा साधा 'र', पाय मोडून आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. हॅशटॅगमध्ये हा शब्द आला की एकाच विषयाच्या नोंदी दोन ढिगांत पडतात. म्हणून हॅशटॅगला 'ऱ्या' नसलेला शब्द घ्या, जोडशब्दात मोकळी जागा किंवा मधली आडवी रेघ (-) नको. हॅशटॅग तिथेच तुटतो.

खाडीकाठ: अहो, विषय सड्याचा होता. तुम्ही कीबोर्डावर नेलात!

टंकदोष: शोधून सापडली नाही ती नोंद असून नसल्यासारखी. हाच विषय आहे.

जांभाचिरा: इथे मात्र टंकदोष यांचं बरोबर आहे, मला पटायला नको होतं तरी. पण सापडण्याचंच बोलायचं तर २०२३ मध्ये ट्विटरने अभ्यासकांची मोफत एपीआय, म्हणजे पोस्टचा डेटा थेट मिळवायची सोय, बंद केली. नोंदींचं कोठार कंपनीच्या भरवशावर ठेवू नका. मूळ फोटो आणि मोजमापं झेनोडोसारख्या संशोधनाच्या ऑनलाइन कोठारात ठेवा, डीओआय (नोंदीचा कायमचा क्रमांक) घ्या, पोस्टमध्ये तो दुवा द्या. आपल्या खात्याचा डेटाही अधूनमधून उतरवून घ्या. एवढं केलं तर रोजच्या पोस्टला माझा विरोध नाही.

दिपकाडी: संवेदनशील जागेचे फोटो झेनोडोवरही मर्यादित प्रवेशात ठेवता येतात. खुले टाकू नका.

जांभाचिरा: बरं. आणि त्या सरांच्या ओळखीचं कुणी इथे असेल तर आत्ताच फोन करा. टॉवर अजून फोटोत दिसतोय, वाडीचं नावही खाली तसंच आहे.