ब्रिटनच्या बोर्डिंग शाळेत २०२८ चा प्रवेश: उशीर झालाय का?

कवडसा:
मुलाचा जन्म नोव्हेंबर २०१४ चा, सध्या सहावीत, माध्यम इंग्रजी. सप्टेंबर २०२८ मध्ये इंग्लंडातल्या निवासी शाळेत 'इयर नाइन'ला घालायचा विचार आहे. एक सल्लागार म्हणतात अजून दोन वर्षं आहेत, दुसरे म्हणतात गाडी सुटली. नेमकं काय? आणि तयारी कशाची करायची, परीक्षेची की कागदपत्रांची? खर्चाचाही खरा अंदाज हवा आहे, माहितीपुस्तिकेतला नको.

निळीशाई:
दोघंही अर्धे बरोबर आहेत.

आधी इयत्ता पक्की करा. इंग्लंडात वर्ग ठरतो तो १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या जन्मवर्षावर. ३१ ऑगस्टला ज्याची तेरा पूर्ण, तो सप्टेंबरात इयर नाइनला. तुमच्या मुलाचं २०२८ त्यामुळे बरोबर बसतं. हाच मुलगा ऑगस्ट २०१४ मध्ये जन्मला असता तर त्याचं इयर नाइन २०२७ ला आलं असतं. आपल्याकडची इयत्ता सांगून चौकशी केली की हमखास गोंधळ होतो, म्हणून पत्रात नेहमी जन्मतारीख लिहा आणि वर्ष त्यांना ठरवू द्या.

आता गाडीचं. तेराव्या वर्षीच्या प्रवेशाची निवड बऱ्याच नामांकित शाळा मूल दहा-अकराचं असतानाच करतात. ईटनची नोंदणी इयर फाइव्हच्या जूनअखेरीस बंद होते, म्हणजे तुमच्या मुलासाठी ती जून २०२५ लाच संपली. मग इयर सिक्समध्ये आयएसईबीची (खासगी शाळांच्या प्रवेशपरीक्षा घेणारं मंडळ) प्रीटेस्ट, म्हणजे पूर्वचाचणी, त्यातून निवडलेल्यांना शाळेत बोलावणं. ती फेरी तुमच्यासाठी गेली. पण सगळ्या शाळा अशा नाहीत. बऱ्याच चांगल्या शाळा इयर सेव्हन आणि एटमध्येही अर्ज घेतात, आणि ज्यांची यादी भरलेली असते त्यांच्याकडेही प्रतीक्षायादी हलते, कारण एकच मूल चार शाळांत निवडलं जातं आणि तीन जागा सोडतं. तेव्हा या आठवड्यात आठ-दहा शाळांच्या रजिस्ट्रारना (प्रवेश पाहणारी व्यक्ती, मुख्याध्यापक नव्हे) चार ओळींची ईमेल करा: जन्मतारीख, हवं ते वर्ष, पूर्ण निवासी, सध्याची शाळा, आणि एकच प्रश्न, '२०२८ च्या इयर नाइनसाठी उशिराचे अर्ज घेता का, आणि परीक्षा कोणती?' आठवडाभरात चित्र स्पष्ट होईल.

टाचणी:
परीक्षेबद्दल. प्रीटेस्ट संगणकावरची आहे: गणित, इंग्रजी, शाब्दिक तर्क, आकृत्यांचा तर्क. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. मागे जाता येत नाही. आपल्याकडच्या मुलांना 'अवघड सोडून पुढे जा, मग परत ये' ही सवय घोटून लावलेली असते; ती इथे मोडावी लागते. एका शैक्षणिक वर्षात ही चाचणी एकदाच देता येते आणि तोच निकाल सगळ्या शाळांना जातो, त्यामुळे 'एक सराव म्हणून देऊन बघू' हा विचार महागात पडतो. गुण वयानुसार जुळवलेले असतात, म्हणून वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलाचं नुकसान होत नाही.

काही शाळा परदेशातल्या मुलांकडून आधी युकेआयसेट ही चाचणी मागतात. त्यात तर्क, इंग्रजी आणि तीस मिनिटांचा निबंध असतो, आणि निबंध शाळा जसाच्या तसा वाचते. 'टाइम अँड टाइड वेट फॉर नन'ने सुरू होणारा पाठ केलेला निबंध वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतो. त्यांना हवं असतं ते साधं: एक प्रसंग, नजरेने पाहिलेले तपशील, नेमकं क्रियापद.

इयर सेव्हन-एटच्या अर्जाला बहुतेक शाळा स्वतःचे इंग्रजी-गणिताचे पेपर देतात. गणितात आपली मुलं सहसा अडत नाहीत. अडतात ती पायऱ्या न लिहिल्यामुळे. उत्तर चुकलं तरी रीतीला गुण असतात. इंग्रजीत खरी फजिती उताऱ्यावरच्या प्रश्नांत: 'या पात्राला काय वाटतंय, आणि ते तुला कोणत्या शब्दांवरून कळलं?' आपल्याकडे उताऱ्यात उत्तर शोधून उतरवून काढायचं शिकवतात. इथे उत्तर लिहिलेलंच नसतं, ते सुचवलेलं असतं. याला शिकवणीपेक्षा रोज अर्धा तास कथा वाचून त्यावर बोलणं जास्त उपयोगी. दीड वर्ष पुरतं, तीन महिने पुरत नाहीत.

वाचनाची अडचण किंवा तसं काही निदान असेल तर ते लपवू नका. मानसशास्त्रज्ञांचा अहवाल आधी दिला तर जादा वेळ मिळू शकतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगून काही होत नाही.

कवडसा:
आभार, बरंच मोकळं झालं. मुलाखतीत काय विचारतात? आणि हल्लीच्या शाळेने द्यायच्या पत्राबद्दल काही सांगाल का?

निळीशाई:
पत्र म्हणजे मुख्याध्यापकांचा गोपनीय अहवाल. तो शाळेकडून शाळेला थेट जातो, तुमच्या हातात येत नाही. इथेच खूप अर्ज पातळ होतात, कारण आपल्याकडे 'ही इज अ सिन्सिअर अँड ओबिडियंट स्टुडंट' लिहून शिक्का मारतात. तिकडे त्याचा अर्थ 'सांगण्यासारखं काही नाही' असा होतो. मुख्याध्यापकांना फॉर्म सुट्टीच्या आधी द्या, मुदत लिहून द्या, आणि सोबत एका पानावर मुलाने वर्षभरात काय केलं ते द्या, म्हणजे त्यांना लिहायला ठोस काही असेल. शिवाय दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं लागतात, इंग्रजीत नसतील तर भाषांतरासह.

मुलाखत बहुधा वीस-तीस मिनिटांची. एखादं चित्र पुढे ठेवतात, न पाहिलेली कविता देतात, गणिताचं कोडं घालतात. उत्तरापेक्षा मूल मोठ्याने विचार कसं करतं, चूक दाखवल्यावर वळतं का, हे पाहतात. 'मोठेपणी आयएएस होऊन देशसेवा करणार' हे घोकलेलं असतं आणि पुढच्याच 'का?'ला ढासळतं. व्हिडिओवरची मुलाखत असेल तर आईबाबांनी खोलीबाहेर जावं. पडद्याआडून केलेल्या खाणाखुणा मुलाच्या नजरेवरून समोरच्याला दिसतात.

ताळेबंद:
खर्चाचं मी सांगतो. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट आहे, निवासाचा खर्चही त्यात आला. शाळेच्या पत्रकातला आकडा व्हॅटसह आहे की वगळून, हे पहिलं पाहा. सर्वांत नावाजलेल्या शाळा व्हॅटसह वर्षाला ६०,००० पौंडांच्या वर गेल्या आहेत. त्यावर गणवेश, वाद्याच्या शिकवण्या, सहली, इंग्रजीचे जादा तास, परीक्षाशुल्क, विमानभाडं आणि तिथे मुलाची जबाबदारी घेणाऱ्या पालक-प्रतिनिधीचा खर्च वेगळा. नोंदणीशुल्क परत मिळत नाही, तेव्हा वीस शाळांत नाव घालणं म्हणजे पाण्यात पैसे. प्रवेश स्वीकारताना परदेशी पालकांकडून बहुधा एका सत्राच्या फीइतकी अनामत मागतात. मूल काढायचं झालं तर पूर्ण एका सत्राची आगाऊ सूचना, नाहीतर त्या सत्राची फी भरा. करारातली ही ओळ सही करण्याआधी वाचा.

शिष्यवृत्तीवर हिशेब मांडू नका. गुणवत्तेची शिष्यवृत्ती बऱ्याच ठिकाणी फीत थोडी सवलत किंवा नुसता मान असते. ईटनचे किंग्ज स्कॉलर (परीक्षेतून निवडलेले शिष्यवृत्तीधारक) वर्षाला चौदाच. उत्पन्न पाहून दिली जाणारी मदत असते, पण ती बहुतेक तिथे राहणाऱ्या कुटुंबांसाठी. सरकारी निवासी शाळा स्वस्त आहेत, पण त्या चाइल्ड स्टुडंट व्हिसासाठी (परदेशी शाळकरी मुलांचा व्हिसा) प्रायोजक होऊ शकत नाहीत. ते फक्त परवानाधारक खासगी शाळाच होऊ शकते.

सल्लागारांना सरळ विचारा: शाळेकडून दलाली मिळते का, आणि कोणत्या शाळांकडून? घेत असतील तर पाप नाही, पण मग त्यांची यादी तुमच्या मुलापेक्षा त्यांच्या करारांवर बेतलेली असेल.

टाचणी:
व्हिसाचं थोडक्यात. शाळा 'कॅस' (प्रवेश पक्का झाल्याचा) क्रमांक देते, मग अर्ज. पहिल्या वर्षाची फी आणि निवासखर्च (भरलेली रक्कम वजा करून) सलग २८ दिवस खात्यात हवा, आणि ते २८ दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांच्या आत संपलेले हवेत. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. खातं मुलाचं किंवा आईवडिलांचं हवं. आजोबांचं किंवा धंद्याचं चालत नाही. सोबत जन्मदाखला, आईवडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र, टीबी चाचणीचा दाखला. आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा) मुलांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो व्हिसाच्या सगळ्या मुदतीचा एकदम भरावा लागतो. पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे चार हजारांच्या आसपास, एका झटक्यात.

पायवाट:
एक गोष्ट सगळे शेवटी विचारतात: ब्रिटनमध्ये राहणारा पालक-प्रतिनिधी, म्हणजे गार्डियन. दर सत्राच्या मध्यावर हाफ टर्मची सुट्टी असते, शिवाय अधूनमधून 'एक्झिॲट' शनिवार-रविवार, तेव्हा बऱ्याच शाळांत वसतिगृह बंदच होतं. शाळा नातेवाईक चालवून घेते, पण त्यांचं घर पोहोचण्याजोगं आणि आजारपणात रात्री फोन उचलणारं असावं. संस्था निवडलीत तर एजिसची (गार्डियन-संस्था तपासणारी ब्रिटिश संघटना) मान्यता पाहा. आणि सोळाच्या आतलं मूल जवळच्या नात्यातल्या नसलेल्या घरी २८ दिवस किंवा जास्त राहणार असेल तर स्थानिक काउन्सिलला कळवावं लागतं. 'उन्हाळ्यात मित्राकडे ठेवू' म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं.

शाळा बघायला जाल तेव्हा परीक्षांचे निकाल विचारू नका, ते संकेतस्थळावर असतात. विचारा: रविवारी दुपारी या वसतिगृहात किती मुलं असतात? 'बोर्डिंग' लिहिलेल्या कित्येक शाळांत शुक्रवारी निम्मी मुलं घरी जातात, आणि परदेशातली पाच-सहा रिकाम्या जेवणघरात उरतात.

निळीशाई:
आणि यंदाचे दरवाजे बंद निघाले तरी पुढचा मोठा दरवाजा इयर ट्वेल्व्हचा, तुमच्यासाठी सप्टेंबर २०३१. त्याच्या परीक्षा साधारण नोव्हेंबर २०३० मध्ये, ए-लेव्हलला (शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम) घ्यायच्या विषयांच्याच, आणि तेव्हा नव्या जागा तयार होतात. मधल्या इयर टेनला काही शाळा घेतात; इयर इलेव्हनला घालायचा विचार मात्र नको, कारण तेव्हा जीसीएसईचा (इयर इलेव्हनच्या शेवटी होणारी, आपल्या दहावीसारखी परीक्षा) निम्मा अभ्यासक्रम झालेला असतो.

कवडसा:
रजिस्ट्रारना ईमेल आजच लिहितो. गार्डियनचं तर डोक्यातच नव्हतं.

टाचणी:
ईमेलमध्ये गुणांची टक्केवारी लिहू नका, त्यांना ती कळत नाही. तो हल्ली काय वाचतोय ते एका ओळीत लिहा.