टोनी ब्रूक्स सेब्रिंगला पिटमध्ये थांबला, ते चुकलंच!

चौथा_गिअर
12 डिसेंबर 1959, फ्लोरिडातलं सेब्रिंग, फॉर्म्युला वनच्या मोसमातली शेवटची शर्यत. जगज्जेतेपदासाठी तिघे उरलेले: ब्रॅबहॅम, मॉस आणि फेरारीचा टोनी ब्रूक्स. पहिल्याच फेरीत ब्रूक्सच्याच संघातल्या फॉन ट्रिप्सने त्याला मागून ठोकलं. ब्रूक्स सरळ पिटमध्ये, म्हणजे संघाच्या दुरुस्तीच्या थांब्यावर शिरला, गाडी तपासून घेतली. काही मोडलं नव्हतं. पण दोनेक मिनिटं गेली ती गेलीच. तो तिसरा आला आणि विजेतेपद ब्रॅबहॅमला मिळालं, 31 विरुद्ध 27 गुणांनी. शेवटच्या फेरीत ब्रॅबहॅमचं पेट्रोल संपलं होतं, गाडी ढकलत त्याने रेषा गाठली. जिंकायचं ते असं! ब्रूक्स मूळचा दंतवैद्यकीचा विद्यार्थी, शेवटपर्यंत मनाने हौशीच राहिला. अशी संधी त्याला पुन्हा आली नाही.

अक्कलदाढ
'हौशी' हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलाय, म्हणून लिहिते. मी दंतवैद्य आहे, शेवटच्या वर्षाची परीक्षा काय असते ते मला माहीत आहे. ऑक्टोबर 1955 मध्ये हा मुलगा सिसिलीतल्या सिराक्यूजला निघाला तो विमानात अभ्यासाची पुस्तकं उघडून. फॉर्म्युला वनची गाडी त्याआधी कधी चालवलेली नाही. गाड्या उशिरा पोचल्या, म्हणून भाड्याच्या स्कूटरवर फिरून रस्त्याची वळणं पाठ केली. आणि कॉनॉट या ब्रिटिश गाडीतून मझेराटीच्या अख्ख्या संघाला हरवलं! ब्रिटिश गाडीत ब्रिटिश ड्रायव्हरने युरोपातली ग्राँ प्री जिंकली, ती 1924 नंतर पहिल्यांदा. 1958 मध्ये स्पा, न्यूरबर्गरिंग आणि मोन्झा, तिन्ही सर्किटवरच्या ग्राँ प्री त्याने जिंकल्या. हे रविवारच्या हौसेचं काम नाही.

पिटवॉल
थांबण्यामागचं कारणही बघा. 1956, इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन. ब्रूक्सच्या बीआरएम गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर बिघडला, पिटमध्ये जुजबी दुरुस्ती झाली, हा पुन्हा निघाला. अ‍ॅक्सिलरेटर अडकला, गाडी उलटली, हा बाहेर फेकला गेला, जबडा मोडला आणि गाडी जळून गेली. पुढच्या वर्षी फ्रान्समधली ल माँची शर्यत. अ‍ॅस्टन मार्टिनचा गिअर अडकलेला, लिव्हरकडे बघताना नजर हटली आणि पुन्हा उलटला. त्यानंतर त्याने ठरवलं, की बिघडलेल्या गाडीत जीव पणाला लावायचा नाही. श्रद्धाळू कॅथलिक होता तो, असा जीव धोक्यात घालणं त्याला पाप वाटे. विजेतेपदाच्या दिवशी मोडायचा असेल तर तो निश्चय कसला?

चौथा_गिअर
मग ल माँनंतर महिन्याभरात एन्ट्री (Aintree) सर्किटवर ब्रिटिश ग्राँ प्रीला गाडीत कसा बसला? मांडीची जखम भरली नव्हती. तेव्हा कुठे गेलं जीव सांभाळणं?

पिटवॉल
तिथे शरीर दुखत होतं, गाडी धड होती! त्याच्याच संघातल्या मॉसची गाडी बिघडली तेव्हा यानेच आपली व्हॅनवॉल गाडी त्याला दिली आणि दोघांच्या नावावर तो विजय लागला. जागतिक स्पर्धेत ब्रिटिश गाडीचा पहिला. घाबरट माणूस असं करत नाही.

मागची_सीट
गुणांचं गणित कुणीच मांडलं नाही. सेब्रिंगपूर्वी ब्रूक्सचे 23. जिंकला असता तर 8, म्हणजे ब्रॅबहॅमशी बरोबरी. निखळ पुढे जायला सर्वात वेगवान फेरीचा एक गुणही लागत होता आणि ती फेरी कूपर गाडीतल्या ट्रँतिन्याँने मारली. थांबला नसता तर जिंकलाच असता, हे गृहीत कशाला धरायचं?

अक्कलदाढ
आणि आदल्याच वर्षी काय झालं होतं? फेरारीचा मुसो रान्सच्या शर्यतीत दगावला. फेरारीचाच कॉलिन्स न्यूरबर्गरिंगला दगावला, तोही ब्रूक्सचाच पाठलाग करताना. ब्रूक्सच्या तेव्हाच्या व्हॅनवॉल संघातला लुईस-इव्हान्स कॅसाब्लांकाला भाजला आणि त्यातच दगावला. एवढं बघितलेल्या माणसाची गाडी मागून ठोकली गेली, तर तो ती बघून घेणारच.

चौथा_गिअर
कॉलिन्सचा मुद्दा मला जड जातो, मान्य. 'हौशी' मागे घेतो. तरी एक फेरी मारून अंदाज घ्यायला हवा होता, यावर मी ठाम आहे.

पिटवॉल
सेब्रिंगची एक फेरी आठ किलोमीटरहून मोठी. सिल्व्हरस्टोनलाही तो बिघडलेल्या गाडीत असाच पुन्हा निघाला होता.