मुलाचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) २१२. मानेच्या नसांची सोनोग्राफी करू का? लवकर सांगा

चोपडेकरीण:
काल रिपोर्ट आला. डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली. सासूबाई अडून बसल्यात, लेकरू काडीसारखं, त्याला कसलं कोलेस्टेरॉल! मानेच्या सोनोग्राफीत नसा खराब झाल्यात का ते कळतं म्हणे. चांगली निघाली तर गोळी टळेल ना?

तापीकाठ:
ताई, वय काय? थायरॉइड तपासलं? घरात कमी वयात कुणाला अटॅक?

चोपडेकरीण:
नऊ. थायरॉइड नॉर्मल. ह्यांना अडतिसाव्या वर्षी स्टेंट टाकला.

भरीतप्रेमी:
वरण-बट्टीवरचं तूप बंद करा, सकाळी लसूण द्या. माझं सहा महिन्यांत उतरलं.

तापीकाठ:
नाना, तुमचं खाण्यापिण्यातलं होतं. हे बापाकडून आलेलं दिसतंय. यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं, तेच जन्मापासून कमी पडतं. पथ्य हवंच, पण तेवढ्याने भागत नाही.

रावेरकर:
केळीने कोलेस्टेरॉल वाढतं का? आमच्याकडे घरचीच असतात.

भरीतप्रेमी:
नऊ वर्षांच्या पोराला जन्मभराची गोळी? लिव्हरचं काय?

वॉर्डातली_सिस्टर:
लिव्हरची तपासणी करूनच देतात, आठ-दहा वर्षांपासून सुरू करतात. नेदरलँड्समध्ये अशा २१४ मुलांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, देऊन वीस वर्षं पाहिलं, २०१९ मध्ये निष्कर्ष आले. वयाच्या ३९ पर्यंत त्यांच्यातल्या १ टक्क्याला हृदयविकाराचा त्रास झाला. हाच दोष असलेल्या त्यांच्या आईवडिलांत त्या वयापर्यंत २६ टक्क्यांना झाला होता.
ताई, सोनोग्राफीचं नीट ऐका. अशा मुलांच्या मानेतल्या धमनीची भिंत आठव्या वर्षाच्या आसपासच निरोगी भावंडांपेक्षा जाड व्हायला लागते. पण फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांतला. शेकडो मुलांच्या सरासरीत तो दिसतो, एकट्या मुलाच्या रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. नॉर्मल आला म्हणून गोळी टाळू नका. या दोषात टाचेमागच्या दोरीसारख्या शिरेतही (रक्ताची नव्हे, स्नायूची) कोलेस्टेरॉल साठतं. मुलाच्या वडिलांची ती शीर हाताने चाचपून बघा, जाड लागते का?

चोपडेकरीण:
लागते. दोन्ही पायांना. सँडलचा पट्टा तिथेच घासतो, आम्हाला वाटायचं चालून चालून झालंय. म्हणजे सोनोग्राफी नकोच?

वॉर्डातली_सिस्टर:
डॉक्टरांनी सांगितली तर करा, त्यासाठी गोळी थांबवू नका. ती शीर डॉक्टरांना दाखवा. आणखी मुलं आहेत?

चोपडेकरीण:
मुलगी, सहा वर्षांची. तिला काहीच त्रास नाही.

तापीकाठ:
त्रास होतच नाही लहानपणी. हा दोष एका पालकाकडून आला तर प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. तिचीही लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी करा, ह्यांच्या भावाबहिणींचीही.

चोपडेकरीण:
दीर धरणगावला आहेत, त्यांनाही दोन मुलं. आज रात्री ह्यांनाच फोन करायला लावते.