सर्टिफिकेटच्या पुढचा खर्च

रिसर्च एथिक्सचे, म्हणजे माणसांवर संशोधन करताना पाळायच्या नीतिनियमांचे, ऑनलाइन कोर्स फुकट मिळतात, मग गरीब देशांत ते शिकवायला वेगळा निधी कशाला, असं काही जण विचारतात. फुकट कोर्स हवेतच, पण त्यातून शिकवणारी माणसं तयार होत नाहीत. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या फोगार्टी सेंटरनं २००० साली नेमकं यासाठी अनुदान द्यायला सुरुवात केली, म्हणजे त्या त्या देशातल्या विद्यापीठांत मास्टर्सच्या पातळीचा अभ्यासक्रम उभा करायचा आणि तिथलेच प्राध्यापक घडवायचे.

माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. मी एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे संशोधनाचे प्रस्ताव तपासून मंजुरी देणाऱ्या समितीवर, काम केलंय, तिथे शिकून आलेली माणसं होती पण पगारी सेक्रेटरी नव्हता, त्यामुळे प्रस्ताव मंजूर झाला की फाइल कपाटात आणि नंतर प्रत्यक्ष काय चाललंय ते बघायला कोणी जायचंच नाही. संमतीपत्रावर अंगठा असायचा, साक्षीदाराची सही मात्र संशोधकाच्याच सहायकाची, अहो मग पेशंटला कोणी काय वाचून दाखवलं हे कळणार कसं? तेव्हा ट्रेनिंगच्या ग्रँटमध्येच कमिटीचं ऑफिस आणि साइटवर जायचा खर्च धरायला हवा, निदान पहिली काही वर्षं तरी.