अनुभव धागा: मिनेसोटात तुम्ही काय पाहिलंत?

मिनेसोटा ११ मे १८५८ ला अमेरिकेतलं ३२वं राज्य झालं, राजधानी सेंट पॉल, नाव तिथल्या मूळनिवासी डाकोटा लोकांच्या भाषेतलं. एवढं मुलांच्या वहीत सापडतं. राज्याचा पक्षी, फूल, धान्य तुम्ही स्वतः पाहिलंत, चाखलंत का? सविस्तर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. लून हा राज्यपक्षी. इलीजवळच्या तळ्याकाठी रात्री कुणीतरी गळा काढून रडल्यासारखा आवाज आला आणि धाकटी मला बिलगली. सकाळी दिसला: काळ्या पाठीवर पांढरे ठिपके, लालभडक डोळा, पाठीवर दोन पिल्लं बसलेली. याची हाडं बरीचशी भरीव असतात, म्हणून बुडी खोल. पण उडायचं तर पाण्यावरून लांबवर धावावं लागतं.

सेंट पॉलहून:
आईला इटास्का तळ्यावर नेलं होतं. मिसिसिपीचा उगम! तळ्याचं पाणी दगडांच्या ओळीवरून पलीकडे उतरतं, तीच नदी. उंची समुद्रसपाटीपासून १,४७५ फूट, तिथल्या खांबावर कोरलेली आहे. आईने साडी वर खोचली, माझा हात धरला आणि त्या निसरड्या दगडांवरून पलीकडे गेली. मग ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. ती वाईची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. १८३२ मध्ये ओझाविंडिब या ओजिब्वे (इथली एक मूळनिवासी जमात) वाटाड्याने उगमाच्या शोधात निघालेल्या हेन्री स्कूलक्राफ्ट या अमेरिकी संशोधकाला इथे आणलं. स्कूलक्राफ्टने 'व्हेरिटास कापुट' ('सत्य' आणि 'शिर') या लॅटिन शब्दांच्या मधली अक्षरं उचलून 'इटास्का' नाव घडवलं. वाट दाखवणाऱ्याचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बेमिजीहून:
वाइल्ड राइस, १९७७ पासून राज्यधान्य. ओजिब्वे याला मनोमिन म्हणतात. आपला तांदूळ नव्हे, पाण्यात उगवणारं गवत. एकजण होडी रेटतो, दुसरा एका काठीने ओंब्या होडीत वाकवून दुसरीने हलकेच झोडतो. बरेच दाणे पाण्यात पडतात, तेच पुढचं बी. आमच्याकडे मुगाची डाळ घालून खिचडी होते. दाणा उलला की शिजला समजा. पाकिटावर 'तळ्यातला' लिहिलेला घ्या. शेतात पिकवलेला काळाकुट्ट, शिजायला हट्टी.

बॉडेटहून:
राज्यफूल लेडीज स्लिपर, गुलाबी-पांढरं ऑर्किड. तोडायला १९२५ पासून कायद्याने बंदी. जूनमध्ये रस्त्याकडेच्या ओलाव्यात ताटवाच दिसला. रोपाला पहिलं फूल यायला १६ वर्षंही लागू शकतात, हे ऐकल्यावर नऊ वर्षांची लेक त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "म्हणजे ही माझी ताई."