पोलर स्टार अजून कशी चालते?

प्रश्न: अमेरिकन कोस्ट गार्डची ही बर्फफोडी बोट १९७६ची. जुळी बहीण पोलर सी २०१०पासून बंद, मग हीच कशी टिकली?

उत्तर १: बहिणीच्या जिवावर! पोलर सीची डिझेल इंजिनं निकामी झाली. तिचे सुटे भाग काढून हिला बसवतात. शिवाय अंटार्क्टिकाहून परतली की जवळपास दरवर्षी ड्रायडॉक, म्हणजे पाण्याबाहेर काढून दुरुस्ती.

उत्तर २: खरी डोकेदुखी शाफ्ट सीलची, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या सीलची. बर्फ पंख्यावर (प्रोपेलरवर) आदळला की हादरा शाफ्टमधून थेट सीलपर्यंत जातो. २०१९मध्ये अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो या अमेरिकन तळाच्या वाटेवर पाणी आत येऊ लागलं. डायव्हर्सनी बाहेरून पॅच लावला, मगच आतून सील दुरुस्त करता आलं.

प्रश्नकर्ता: आणि ताकद?

उत्तर २: गॅस टर्बाइनवर ७५,००० अश्वशक्ती. सहा फूट जाडीचा बर्फ न थांबता फोडते, तीन नॉट (ताशी सुमारे साडेपाच किमी) वेगाने. त्याहून जाड असेल तर मागे सरून धडका.